आलते

एक्सपोर्टचं बटण दाबलं
की आधी पंखा बंद करतो.
दोघांना पुरेल एवढा जीव
या इन्व्हर्टरमध्ये नाही.

आठशे चाळीस फोटो.
क्वालिटी ब्याण्णव, लांब बाजू चार हजार पिक्सल,
वॉटरमार्क नको.
मागं एका नवरदेवाच्या बापानं विचारलं होतं,
"कोपऱ्यात तुमचं नाव काऊन? लगन तुमचं होतं का?"
तेव्हापासून माझं नाव फक्त पिशवीवर छापतो.

पट्टी सरकते, मुंगीनं साखर ओढावी तशी.
शेजारच्या कृषी केंद्रातून शटरखालून
युरियाचा वास येतो.
मंडपाचं कापड पिवळं होतं,
सगळ्या वऱ्हाडाला कावीळ झाली होती;
नऊ रात्री बसून
एकेका चेहऱ्यावरून उतरवली.
नवरीला मात्र गोरी केली नाही.
तिनंच हळू आवाजात फोन केला होता,
"दादा, जशी हाव तशीच ठेवजा,
पायताना मले मी सापडली पायजे."

पावणेदोनला लाइट गेली.
तीन मिनिटांनी इन्व्हर्टरनंही
शिट्टी मारून मान टाकली.
पाचशे अकरा.
सकाळी पुन्हा एकपासून.

लिंक पाठवली तर गुणवंतराव म्हणाले,
"हे निळं निळं काय धाडलं?"
त्यांच्या फोनमध्ये जागा नाही,
नेटवर्क पाण्याच्या टाकीवर, तेही चढलं तर.
व्हॉट्सॲपवर टाकले असते,
पण तिथं फोटो पोचतो
तो पिळून काढलेल्या लिंबासारखा.
मग पेनड्राइव्ह चुन्याच्या रिकाम्या डबीत ठेवला,
डबी खिशात,
आणि दारव्ह्याहून लाडखेडला गाडी काढली.

टीव्हीला पेनड्राइव्ह लावला.
मला वाटलं, बघतील, हसतील, चहा देतील.
गुणवंतरावांनी चष्मा पुसला
आणि आहेराची वही उघडली.

एक फोटो, एक नाव, एक टिक.
"हे बोरीचे. एकशे एक अन् टोपी.
म्होरं घे."
माझी मागची धूसर केलेली झाडं,
माझा संध्याकाळचा सोनेरी उजेड
कुणी पाहिलाच नाही.
हजेरी चालली होती.

शेवटी पेन एका ओळीवर थांबलं.
"उकंडा कुठी हाय? हिवरीचा.
पातेलं घेऊन आलता."

उकंडा कुठं गेला ते मला ठाऊक होतं.
स्टेजवर त्याचे चार फोटो काढले,
चारही वेळा फ्लॅश उडाला आणि त्यानं डोळे मिटले.
एक्स दाबून मी त्याला बाद केला होता.
तसं सांगितलं.

गुणवंतराव रागावले नाहीत.
रिमोट खाली ठेवला फक्त.
"डोये मिटले म्हून काय झालं?
मानूस तं आलता ना."

चहा अर्धा प्यायलो.

दुकानात येऊन बाद झालेले उघडले.
तीनशे सोळा.
तोंडात घास असलेले, पाठमोरे,
कुणाच्या तरी खांद्यामागून निघालेला अर्धा कान,
हललेली एक म्हातारी जिला
हात हलवायची घाई होती.
नऊ दिवस यांच्याकडे मी फक्त
चुका म्हणून पाहत होतो.
कावीळ उतरवायची यांचीही राहिली होती.

उकंडा शेवटी घेतला.
डोळे गच्च, ओठ गच्च,
पातेलं छातीशी, नवं, अजून चिकटपट्टी लागलेलं.
उजेड थोडा चढवला
तर पातेल्याच्या गोलाईत सगळा मंडप दिसला,
वाकडा, भरलेला,
आणि मधोमध करंगळीएवढा
कॅमेरा धरून वाकलेला एक माणूस.

डाग पुसायचं ब्रश हातात होतं.
पुसला नाही.

नवीन फोल्डर केलं.
नावाच्या जागी काय लिहावं सुचेना,
मग लिहिलं: आलते.

पंखा बंद केला.